अबोलीला वास नसतो, तरी गोव्यात घरोघरी ती का लावतात? कुंडीत येते का?

'वास नाही' एवढं वाचलं आणि लिहायला बसले. आजीची अबोली उपटून टाकताना माझ्या सख्ख्या भावाने हेच कारण दिलं होतं.

आमचं घर म्हार्दोळजवळ. तिथली जाई गोवाभर नावाजलेली, त्यामुळे वासाचं कौतुक आम्हाला कुणी शिकवायला नको. पण जाई रात्री माळावी आणि सकाळी मलूल झालेली काढून टाकावी. अबोलीची फाती, म्हणजे गजरा, आज माळली तर उद्याही तशीच राहते. आजी केळीच्या सोपटाचा दोर पाण्यात भिजवून सोप्यावर बसायची. दोन फुलं या बाजूला, दोन त्या बाजूला, मध्ये नखाने दाबून गाठ. फुलाच्या मागे बारीक नळी असते, गाठ तिच्यावरच बसते. पुढे सगळा पंखा एकाच बाजूला पसरलेला, म्हणून फाती अशी दाट दिसते. फूल इतकं हलकं की किलोभराला साधारण १५,००० लागतात. त्या रंगाला मराठीत दुसरं नावच नाही, अबोली रंग म्हणूनच साडी मागतात.

आणि ही आपली आहे. अंगणातला देवचाफा, गुलबक्षी, दसऱ्याची रोजां म्हणजे झेंडूसुद्धा, सगळे मूळचे अमेरिकेकडचे. अबोलीचं माहेर मात्र दक्षिण भारत आणि श्रीलंका.

सहा वर्षांपूर्वी पुतण्याच्या मुंजीआधी दादाने अंगणात पेव्हर घातले. मी मडगावहून पोचले तेव्हा तुळशीभोवतीचा अबोलीचा वाफा माडाच्या बुंध्याशी ढीग होऊन पडला होता. "वास ना, कसलें फूल तें! मांडवाला जागा नको?" असं म्हणाला. चार दिवसांच्या मांडवासाठी चाळीस वर्षांची झाडं! मी ढिगातले वाळलेले तुरे तेवढे वेचले आणि बिस्किटांच्या डब्यात भरून घरी आणले.

लहानपणी आम्ही वाळलेलं बोंड जिभेने ओलं करून तळहातावर धरायचो. थोड्या वेळाने 'टच्' आवाज, आणि तळव्याला बी टोचून उडालेलं. बोंडात चार बिया असतात. ओल लागली की सांधा सुटतो, दोन फाका ताणलेल्या असतात त्या झटक्यात उघडतात आणि बियांखालचे आकडे त्यांना दूर भिरकावतात. पावसाची खात्री झाल्याशिवाय बी टाकायचंच नाही, अशी सोय. आजी म्हणायची, वर्षभर न बोलणारी पहिल्या पावसात बोलते. जूनमध्ये मी तो डबा बाल्कनीत उघडा ठेवला. पहिली सर आली आणि अर्धा तास ग्रिलवर बिया वाजत होत्या. मी आत स्वयंपाकघरात रडत होते, हे दादाला अजून ठाऊक नाही.

त्यातली अकरा रोपं जगली. तर हो, कुंडीत येते. पाणी साचू देऊ नका, दुपारची थोडी सावली असू दे, फुलं संपलेला तुरा खुडला की नवे तुरे येतात. बी हवं असेल तर काही तुरे झाडावरच वाळू द्या.

नर्सरीतून आणणार असाल तर विचारून घ्या. दादाने समेट म्हणून मला मोठ्या फुलांची 'दिल्ली' अबोली आणून दिली होती. तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे बी धरत नाही, फांदी लावूनच वाढवावी लागते. फूल देखणं आहे, मान्य. पण पावसात बोलत नाही, आणि आजीच्या अबोलीची भरपाई तिने होत नाही.

एक सांगायचं राहिलं, अबोलीच्या मुळांना सूत्रकृमी, म्हणजे मातीतले धाग्यासारखे बारीक जंत, फार लागतात. झाड उगाच खुरटलं तर कुंडीतली माती बदला. जमिनीत लावली असेल तर शेजारी झेंडू लावा, त्याने कृमी कमी होतात. आणि पेव्हर घालायचेच असतील तर तुळशीभोवती हातभर माती मोकळी सोडा.

दादा, तू हे वाचशीलच. वृंदावनाच्या मागच्या फटीत यंदा दोन रोपं आली आहेत, वहिनीने फोटो पाठवला. कोयता लावू नकोस. चवथीला येते तेव्हा मी स्वतः काढून नेईन.