गोंगजूत खरंच राजधानी होती का?

प्रश्न : कोरियन ऐतिहासिक सिरीयल बघायला लागल्यापासून बेक्जे राज्याचं नाव सारखं कानावर पडतंय. त्यांची राजधानी काही काळ गोंगजू नावाच्या छोट्या शहरात होती म्हणे. तिथे ठोस काही सापडलंय का, की सगळं सांगोवांगीच?

उत्तर : सापडलंय, आणि तेही राजाच्या नावासकट! आधी थोडं मागचं सांगते. बेक्जेची जुनी राजधानी आजच्या सोलच्या भागात होती, ४७५ मध्ये उत्तरेकडच्या गोगुर्यो राज्याच्या राजाने ती घेतली, बेक्जेचा राजा गेरो मारला गेला आणि उरलेला दरबार दक्षिणेला गुम नदीकाठी गोंगजूला आला, तेव्हा त्याला उंगजिन म्हणायचे. ५३८ मध्ये राजधानी पुढे साबीला, म्हणजे आजच्या बुयोला गेली. म्हणजे जेमतेम त्रेसष्ट वर्षं.

पण त्या त्रेसष्ट वर्षांतला एक राजा आपल्याला नावानिशी भेटतो. १९७१ च्या जुलैमध्ये गोंगजूतल्याच सोंगसान-रीच्या टेकडीवर जुन्या थडग्यांत पाणी झिरपत होतं म्हणून चर खणत होते, तर फावडं विटांना लागलं, आणि आत निघालं राजा मुर्यॉंगचं थडगं, कधीच कोणी न लुटलेलं. वाटेतच एक दगडी प्राणी राखणीला उभा, डोक्यावर लोखंडी शिंग, ओठांना लाल रंग. आणि त्याच्यापुढे कोरीव शिळा, राजा बासष्टाव्या वर्षी ५२३ मध्ये वारला, ५२५ मध्ये पुरला, सगळं स्वच्छ लिहिलेलं. दुसऱ्या शिळेवर तर चक्क जमिनीचं खरेदीखत आहे, भूमीच्या देवतांकडून ही जागा दहा हजार नाण्यांना विकत घेतली असं, आणि शिळांवर खरीखुरी चिनी लोखंडी नाणी ठेवलेली! मला तर ह्या थडग्यातल्या सगळ्या सोन्यापेक्षा हे खरेदीखत जास्त आवडतं.

बांधणी दक्षिण चीनमधल्या लियांग राज्याच्या पद्धतीची, कमळं कोरलेल्या विटांची, आणि शवपेटीचं लाकूड जपानमधल्या झाडाचं. म्हणजे हरून पळून आलेलं हे राज्य पन्नास वर्षांत समुद्रापलीकडे दोन्हीकडे संबंध ठेवून होतं.

वाईट एवढंच वाटतं की बातमी फुटली, पत्रकार आणि बघ्यांची झुंबड उडाली आणि ज्या कामाला कित्येक महिने द्यायला हवे होते ते एका रात्रीत उरकलं. कुठली वस्तू नेमकी कुठे होती याच्या नोंदी अपुऱ्या राहिल्या, आणि ती माहिती आता कुठूनच मिळणार नाही. उत्खननाचे प्रमुख किम वॉन-यॉंग यांनाही नंतर ह्याची खंत होती.

जाणार असाल तर मूळ थडगं बंद आहे, शेजारच्या हॉलमध्ये हुबेहूब प्रतिकृती बघता येते आणि वस्तू गोंगजूच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. नदीकाठचा गोंगसानसॉंग किल्लाही बघा, तो आणि ही थडगी २०१५ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत.