वाचक विचारतात: वर्षावनात गावकऱ्यांच्या लॉजवर राहायला जाताना

पेरू, इक्वेडोर आणि बोलिव्हिया या देशांत ॲमेझॉनच्या जंगलातली काही लॉज तिथल्या गावांनीच उभी केली आहेत आणि गावकरीच ती चालवतात. त्यांच्याबद्दल मराठवाड्यातून आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. एकसारखी पत्रं एकाच प्रश्नात मिसळली आहेत.

लातूर: ‘गावाने चालवलेलं’ असं प्रत्येकच जाहिरातीत असतं. खरं काय आणि नुसती पाटी कुठली, हे इथे बसून कसं कळणार?

सोसायटीच्या किंवा कारखान्याच्या वार्षिक सभेत जागरूक सभासद जे विचारतो, तेच विचारा. जमीन कोणाच्या नावावर आहे? नफ्यातला गावाचा वाटा किती? तो कसा खर्च करायचा हे कोण ठरवतं? गावातली माणसं फक्त भटारखान्यात आणि झाडलोटीला आहेत, की वाटाडे आणि व्यवस्थापकही त्यांच्यातलेच आहेत? खरोखर गावाच्या मालकीचं लॉज असेल तर उत्तरं आकड्यांत आणि नावानिशी येतात. ‘आम्ही स्थानिकांना मदत करतो’ एवढंच उत्तर आलं, तर मालक दुसराच कोणीतरी आहे असं धरून चाला.

पेरूमध्ये तांबोपाता नदीकाठी इन्फिएर्नो नावाचं गाव आहे. या गावाने १९९६ मध्ये एका पर्यटन कंपनीशी २० वर्षांचा करार केला. नफ्याचा ६० टक्के वाटा गावाला, ४० टक्के कंपनीला, आणि निर्णयात दोघांचाही सहभाग. त्यातून ‘पोसादा आमाझोनास’ हे लॉज उभं राहिलं. बोलिव्हियाच्या मादिदी राष्ट्रीय उद्यानातलं ‘चालालान’ हे सान होसे दे उचुपियामोनास या गावाचं आहे. इक्वेडोरच्या यासुनी राष्ट्रीय उद्यानातलं ‘नापो वाइल्डलाइफ सेंटर’ आन्यांगू गावातल्या किच्वा आदिवासींचं आहे. कंपनीशी भागीदारी दिसली म्हणून नाक मुरडू नका. विमानाची जोडणी, परदेशी बुकिंग, इंग्रजी पत्रव्यवहार ही कामं शिकायला गावाला काही वर्षं लागतातच. करार संपल्यावर गावाच्या हातात काय उरणार, याचं उत्तर मात्र नीट मागून घ्या.

नांदेड: टूरवाले म्हणतात, पिवळ्या तापाची लस ‘घेतली तर बरं’. मग घ्यावी का सोडावी?

घ्यावीच. हे तीनही देश भारताच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहेत. तिथून लसीच्या दाखल्याशिवाय परतलात, तर विमानतळावरून थेट ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. सहल झकास झाली आणि घराऐवजी विलगीकरणात मुक्काम पडला, असं होऊ देऊ नका.

टोचल्यानंतर १० दिवसांनी दाखला लागू होतो आणि मग तो आयुष्यभर चालतो. ही लस गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारने मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांवरच मिळते. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि उघडलेली कुपी थोड्याच वेळात संपवावी लागते, म्हणून आधी नाव नोंदवून ठरलेल्या दिवशी जायचं. मूळ पासपोर्ट बरोबर ठेवा आणि दाखल्यावरचा पासपोर्ट क्रमांक तिथेच ताडून बघा. पुढचा गोंधळ बहुतेक वेळा या क्रमांकातल्या चुकीमुळेच होतो. ही जिवंत विषाणूची लस आहे. वय ६० च्या पुढे असेल, अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल, गर्भारपण असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तिकीटसुद्धा काढू नका.

मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच वेळी विचारा. आपल्याकडे ओळखीची असलेली क्लोरोक्विन तिथल्या फाल्सिपेरम मलेरियावर, म्हणजे मलेरियाच्या घातक प्रकारावर, चालत नाही. आणखी एक गोष्ट: अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी भारतीयांना अमेरिकेचा व्हिसा लागतो. स्वस्त तिकीट दिसलं की आधी ते कुठून जातंय ते बघा.

परभणी: आई माळकरी आहे, अंडंसुद्धा चालत नाही. चार दिवस जंगलात काय खाईल? दशम्या-धपाटे बांधून द्यावेत का?

खायला भरपूर मिळेल, पण सांगताना नेमकं सांगावं लागेल. तिथलं रोजचं जेवण म्हणजे भात, घेवड्याच्या जातीच्या शेंगांचे दाणे, उकडलेली किंवा तळलेली केळी आणि ‘युका’. युका म्हणजे आपला उपवासाचा साबुदाणा ज्या कंदापासून करतात, तोच कंद. तो उकडून किंवा तळून देतात. कच्चा मात्र तोंडात घालायचा नाही, त्यात सायनाइड तयार करणारे घटक असतात.

अडचण येते ती शब्दाची. ‘सिन कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय, पण बऱ्याच ठिकाणी ‘कार्ने’ म्हटलं की लाल मांसच समजतात आणि ताटात कोंबडी येते. म्हणून पूर्ण यादी द्या: सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन उएवो. म्हणजे मांस, कोंबडी, मासे, अंडं यांतलं काहीच नको. यात आणखी दोन शब्द घाला, कारण खरी फसगत त्यांच्यापाशी होते. ‘काल्दो’ म्हणजे बहुधा कोंबडीचं पाणी, भात आणि सूप त्यात शिजवतात. ‘मान्तेका’ म्हणजे बहुधा डुकराची चरबी, दाणे तिच्यात परततात. दोन्ही नकोत असं लिहून कळवा. हे बुकिंग करतानाच सांगायचं. बाजार नावेने येतो आणि आठवड्याचं सामान एकदमच भरलेलं असतं. तिथे पोचल्यावर सांगितलंत, तर स्वयंपाकीण मावशी मनापासून धडपडतील, पण ताटात भात आणि केळंच येईल.

दशम्या-धपाटे देऊ नका. आपल्या कोरड्या हवेत ते दोन-तीन दिवस मजेत टिकतात. तिथल्या दमट हवेत दुसऱ्या सकाळी चिकट होतात आणि मग बुरशी धरतात. पापड सादळून कातड्यासारखा होतो. द्यायचंच असेल तर कारखान्यात बंद केलेली छोटी पाकिटं द्या: मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याचे लाडू. विमानतळावरच्या फॉर्मवर ती जाहीर करा. ताजी फळं, कच्चं धान्य, बी-बियाणं नेऊ नका, काढून घेतात. लॉजवर पाकिटं खोलीत न ठेवता भटारखान्यात द्या. खोलीतल्या पिशवीत लाडवाचा चुरा पडला, तर रात्रीत मुंग्यांची रांग लागते आणि तिच्यामागे उंदीर येतात.

धाराशिव: आम्ही ४२ अंशांत राहणारी माणसं. तिथे म्हणे ३०-३२च असतं. मग कपड्यांची आणि कॅमेऱ्याची एवढी काळजी कशाला?

सगळा फरक दमटपणाचा आहे. आपल्याकडे वर्षाला साधारण सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर ॲमेझॉनच्या बऱ्याच भागात दोन ते तीन हजार. आपल्या उन्हाळ्यात घाम लगेच उडून जातो आणि अंग गार होतं. तिथे हवाच पाण्याने भरलेली असते, त्यामुळे घाम वाळतच नाही आणि ३१ अंशांतही माणूस गळून जातो. तहान लागली नाही तरी पाणी प्यायचं, आणि दिवसातून एकदा क्षार-साखरेचं पाणी.

जीन्स घरीच ठेवा. एकदा भिजली की मुक्काम संपेपर्यंत वाळत नाही. सुती सदऱ्याचंही तेच. पातळ नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या पूर्ण बाह्या, पूर्ण विजारी, फिकट रंग. कपड्यांचे दोन संच ठरवून टाका. एक दिवसाचा ओला, एक रात्रीचा कोरडा. कोरडा संच पिशवीत बंद ठेवायचा आणि तो घालून पायवाटेवर जायचं नाही. सकाळी कालचेच ओले कपडे पुन्हा चढवायला जिवावर येतं, पण ही शिस्त मोडली की तिसऱ्या दिवशी कोरडं काहीच उरत नाही. रात्री बोटांच्या बेचक्यात पावडर टाका. आणि एक स्वेटर घ्या. जून ते ऑगस्टमध्ये दक्षिणेकडून थंड वारं घुसतं, त्याला तिथे ‘फ्रियाखे’ म्हणतात. पारा दोन-तीन दिवस १०-१२ अंशांपर्यंत उतरू शकतो, आणि खोल्यांना काचा नसतात.

कॅमेऱ्यासाठी घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि त्यात रंग बदलणारी सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे, घ्या. निळे दाणे गुलाबी झाले, किंवा केशरी दाणे हिरवे झाले, की त्यांची ताकद संपली. निघण्यापूर्वी ते ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास ठेवा, रंग परत आला की गरम असतानाच बंद करा. तांदळात कॅमेरा पुरून ठेवण्याचा फारसा उपयोग होत नाही आणि तांदळाची पिठी भिंगात जाते ती वेगळीच. एसी खोलीतून बाहेर पडताना कॅमेरा अर्धा तास पिशवीतच राहू द्या, नाहीतर भिंगाच्या आतून दव धरतं. बुरशीला ओल मिळते ती तिथूनच.

किनवट: साप, जळवा, डास. खरी भीती कशाची?

डासांची, आणि नंतर स्वतःच्या हाताची. बहुतेक दंश होतात ते न बघता काहीतरी धरल्यामुळे. चिखलात पाय घसरला की हात आपोआप जवळच्या खोडाकडे जातो. त्या खोडावर बोटभर लांब काटे असतात, नाहीतर ‘इसुला’ नावाची जवळपास इंचभर लांबीची काळी मुंगी असते. ती चावली तर कळा दिवसभर जात नाहीत. हात टेकायच्या आधी बघायचं. लाकडी कठड्यालाही हाच नियम.

आपल्या कोकणात किंवा ईशान्येकडे पानापानावर लोंबणाऱ्या जळवा ॲमेझॉनच्या पायवाटांवर सहसा त्रास देत नाहीत. तिथे त्रास देतात गवतातले माइट, म्हणजे गोचिडीच्या जातीचे अगदी बारीक किडे. घोट्याला आणि कमरेच्या पट्ट्याखाली खाज सुटते. उपाय म्हणजे विजार मोज्यात खोचणे आणि गवतात न बसणे.

साप आहेत. ‘हेरगोन’ हा आपल्या चापड्याच्या कुळातला साप तिथे दंशाच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा. भारतातलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्यासाठी बनवतात. ते तिथे उपयोगी पडत नाही, म्हणून इथून नेण्याची कल्पना सोडा. गुडघ्याखालपर्यंतचे रबरी बूट, रात्री खोलीतून न्हाणीघरापर्यंतसुद्धा टॉर्च, आणि वाटाड्याच्या मागे राहणं, एवढं पाळा. बूट बहुतेक लॉजवर मिळतात. पाय मोठा असेल तर माप आधी कळवा.

डासांसाठी २० ते ३० टक्के डीट (डास पळवणारं रसायन) असलेलं मलम घ्या. आधी सनस्क्रीन, ते मुरलं की वरून डीट. डीट प्लास्टिक मऊ करतं. मलम लावलेल्या बोटांनी चष्म्याची फ्रेम, घड्याळाचा पट्टा किंवा दुर्बिणीची रबरी मूठ धरली, तर ती चिकट होते आणि बोटांचे ठसे कायमचे उमटतात. तळवे पुसून मगच वस्तूला हात लावा. मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचा, आणि अंधार पडायच्या आधी.

जालना: वडील ६८ वर्षांचे, गुडघे दुखतात. झेपेल का?

पायवाटा बहुधा झेपतील, नावेतून उतरणं मात्र अवघड जाईल. कोरड्या दिवसांत, म्हणजे दक्षिण पेरू आणि बोलिव्हियात साधारण मे ते ऑक्टोबर, नदी खाली जाते आणि काठ उंच होतो. मग चिखलात खणलेल्या किंवा लाकडी फळ्यांच्या खूप पायऱ्या चढाव्या लागतात. पावसाळ्यात नाव जवळजवळ धक्क्यालाच लागते, पण वाटा घसरड्या होतात. लॉजला सरळ विचारा: त्या महिन्यात धक्क्यावर पायऱ्या किती, कठडा आहे का, खोली जेवणघरापासून किती लांब? नापोच्या लॉजला शेवटच्या ओढ्यात मोटार चालवत नाहीत, वल्ह्यानेच नेतात, म्हणजे होडीत बराच वेळ बसावं लागतं. औषधं दोन वेगळ्या पिशव्यांत दुहेरी ठेवा. रुग्णालय नावेने काही तासांवर असतं, त्यामुळे विम्यात जंगलातून बाहेर काढण्याचा खर्च धरलेला आहे ना, हे वाचून घ्या. आणि वर सांगितलेला लसीचा वयाचा मुद्दा यांना लागू आहेच.

हिंगोली: जग्वार दिसेल ना?

चार दिवसांत बहुतेक नाही. दाट जंगलात मोठं जनावर पंधरा फुटांवर असलं तरी दिसत नाही. जे खात्रीने अनुभवाला येतं ते पहाटे. चारला उठून नावेने मातीच्या दरडीसमोर जाऊन बसायचं. उजाडताना आधी हिरवे पोपट येतात, मग मकाव, म्हणजे लांब शेपटीचे मोठे पोपट, जोडीजोडीने वरच्या फांद्यांवर उतरतात. बराच वेळ नुसते बघत राहतात. एखादी घार फिरकली की सगळे एकदम उडतात आणि पुन्हा पहिल्यापासून वाट बघायची. निर्धास्त झाले की दरडीला लटकून माती कुरतडतात. त्या मातीतलं सोडियम हे त्याचं मुख्य कारण मानतात. आपण गोठ्यात गुरांना चाटायला मिठाचा खडा टांगतो, तसंच हे. पाऊस असेल तर पक्षी येत नाहीत, म्हणून मुक्काम किमान तीन रात्रींचा ठेवा. दोनच रात्री ठेवल्या आणि एक पहाट पावसात गेली, तर हातात एकच उरते.

सेलू: चार्जिंग आणि पैसे?

वीज सोलरची किंवा संध्याकाळी काही तास जनरेटरची. पेरूत २२० व्होल्ट, इक्वेडोरमध्ये १२०. मोबाइलचा चार्जर दोन्हीकडे चालतो. पाणी तापवायची कॉइल नेऊ नका, तिने सगळ्या लॉजची बॅटरी बसते. डॉलरच्या नोटा कोऱ्या घ्या. कडेला बारीकशी फाटलेली नोटसुद्धा घेत नाहीत.

अंबाजोगाई: एवढा खर्च आवाक्यात नाही. आपल्या देशात असं काही?

आहे, आणि चांगलं आहे. केरळच्या परांबिकुलममध्ये जंगलातल्या आदिवासी वस्त्यांतली माणसंच वाटाडे आहेत आणि राहण्याची सोय वन विभागाकडून होते. रस्ता तमिळनाडूतल्या पोल्लाचीवरून आत जातो. थेक्कडीच्या पेरियारमध्ये पूर्वी चोरून दालचिनीची साल काढणारे लोक आता पर्यटकांना जंगल दाखवतात आणि राखतातही. अरुणाचलातल्या ईगलनेस्टजवळ बुगुन लोकांनी आपलं गावजंगल २०१७ मध्ये सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून जाहीर करून घेतलं. २००६ मध्ये ‘बुगुन लिओसिक्ला’ या नव्या पक्ष्याची नोंद झाली ती याच भागातून, आणि त्याला नावही याच लोकांचं दिलं. हे डोंगरावरचं ओलं जंगल आहे, तिथे थंडी असते, आणि अरुणाचलात जायला इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरण्याचा सरकारी परवाना, लागतं. केरळला जून ते सप्टेंबर टाळा. तिथे मात्र जळवा आहेत, तेव्हा गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे जळू-मोजे घ्या. चिकटलेली जळू ओढू नका. नखाने तिचं बारीक टोक कातडीवरून बाजूला सरकवा, म्हणजे ती सुटते.