लॉच्या पोरांना कायद्याची संकल्पना आधार देऊन समजवायला कसं शिकवायचं?

मी फर्स्ट इयरला कॉन्ट्रॅक्ट शिकवतो. गाईड बंद आणि बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर, उघडा, अर्धं काम तिथेच होतं बघा.

"अल्पवयीनाचा करार शून्य असतो", म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो करारच नाही, हे प्रत्येकाला पाठ असतं. कुठे लिहिलंय विचारलं की उत्तर येतं कलम 11. मग 1872 च्या करार कायद्याचं कलम 11 मोठ्याने वाचायला लावा. त्यात एवढंच आहे की सज्ञान, मन ठिकाणावर असलेला आणि कुठल्या कायद्याने अपात्र न ठरवलेला माणूस करार करायला सक्षम असतो, 'शून्य' हा शब्दच नाही त्यात! वर्ग एकदम शांत होतो आणि मग पोरं स्वतःच विचारतात की सर, मग हे आलं कुठून. आलं 1903 च्या मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या प्रिव्ही कौन्सिलच्या (तेव्हाचं लंडनमधलं सर्वोच्च अपील कोर्ट) निकालातून, धर्मोदासने सज्ञान नसताना 20,000 रुपयांसाठी मालमत्ता गहाण लिहून दिली होती आणि कलम 10, 11 वाचून कोर्टाने असा करार शून्यच ठरवला. सज्ञान म्हणजे किती वर्षं, त्यासाठी परत 1875 चा मेजॉरिटी ॲक्ट उघडायचा.

मग सांगा, हेच आता तुमच्या आजीला कळेल असं चार ओळीत लिहा, पण प्रत्येक ओळीला कलम नाहीतर केस हवी. हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर छापलेला सारांश, चालणार नाही, निकालातलं मूळ वाक्य दाखवायचं. मार्कही त्यालाच द्या, नाहीतर पोरं परत गाईडकडे वळतात.