ऑइल फिल्टर घेण्यापूर्वी
पुण्यातील नाना पेठेत ऑइल फिल्टर घ्यायला जाण्यापूर्वी गाडीच्या मॅन्युअलमधील पार्ट नंबर लिहून घ्यावा. कारण वरवर सारखे दिसणारे दोन फिल्टर उंचीत, भोकाच्या व्यासात किंवा बायपास व्हॉल्व्हच्या (फिल्टर तुंबल्यास ऑइलला बाजूने वाट देणाऱ्या झडपेच्या) दाबात वेगळे असू शकतात आणि हा शेवटचा फरक डोळ्यांना दिसत नाही. स्प्लेंडर मोटारसायकलमध्ये तर कागदी फिल्टर नसतोच. तेथे जाळी आणि सेंट्रिफ्यूगल फिल्टर, म्हणजे गरगर फिरून ऑइलमधली घाण बाजूला काढणारा फिल्टर, असतो. कागदी फिल्टर घेताना मात्र त्याच्या घड्या सारख्या अंतरावर आहेत ना, रबर कडक झालेले नाही ना, हे दुकानातच पाहून घ्यावे. जुनी ओ-रिंग (ऑइल गळू नये म्हणून बसवलेली रबरी रिंग) काढायला मी एकदा विसरलो, तेव्हा कात्रजचा घाट चढेपर्यंत बुटावर ऑइल ओघळले होते. नव्या रिंगला मात्र ऑइलचे बोट फिरवूनच ती बसवावी.