रात्री नीट दिसत नाही. गाजर खाऊन बरं होईल का, आणि लग्नाआधी सांगावं का?

तुमचं वय 27, चष्मा नाही, अंधार पडल्यावर गाडी चालवताना समोरून दिवा आला की पुढचं काही दिसत नाही, महिनाभर गाजराचा रस पिताय आणि घरात स्थळं बघणं सुरू झालंय, असं तुम्ही लिहिलंय. माझं वय 48. यातलं सगळं मी करून बसलोय. फरक एवढाच की गाजराच्या जागी कलेजी होती.

माझं गाव खटाव तालुक्यातलं. दिवेलागण झाली की मी चुलतभावाचा शर्ट धरून चालायचो. उन्हाळ्यात सगळे अंगणात झोपायचे आणि रात्री उठलो की माझा पाय हमखास कुणाच्या तरी पोटावर. "डोळे काय खुंटीला टांगलेत का?" हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की मलाही खरंच वाटायचं, आपण धांदरट आहोत. शेवटी आजीने ओळखलं, "पोराला रातांधळं झालंय," आणि कलेजी सुरू केली. सहा महिने दर रविवारी तव्यावर भाजलेली. मला ती आवडायला लागली, रात्रीचं दिसायला मात्र लागलं नाही.

आजीचं औषध चुकीचं नव्हतं, आजार वेगळा होता. डोळ्याच्या पडद्यात अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी असतात. त्यांना लागणारं रोडॉप्सिन नावाचं द्रव्य अ जीवनसत्त्वापासून बनतं. ते पोटात गेलं नाही तर रातांधळेपणा येतो आणि दिलं की बराही होतो. कलेजीत ते भरपूर असतं. गाजर, शेवग्याचा पाला, पपई, लाल भोपळा यांतून शरीर ते तयार करतं, पण त्यासाठी जेवणात थोडं तेलतूप हवं, नुसत्या रसाचा तेवढा उपयोग नाही. लहान मुलांना नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत हे जीवनसत्त्व पाजतात ते याचसाठी. पण तुम्ही दोन वेळ नीट जेवणारे, यकृताचा किंवा आतड्याचा मोठा आजार नसलेले, वजन कमी करायचं पोटाचं ऑपरेशन न झालेले असाल, तर एवढी कमतरता असण्याची शक्यता कमीच. मनाने गोळ्याही सुरू करू नका. जास्तीचं अ जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, यकृतात साठतं आणि त्रास देतं.

रातांधळेपणा हे लक्षण आहे, ताप असतो तसं. मागे काय आहे ते आधी शोधायचं. कधी साधा लांबचा नंबर निघतो आणि चष्म्याने काम भागतं. तुम्हाला चष्मा "नाही" म्हणजे लागत नाही, की कधी तपासलेलंच नाही? मोतीबिंदू असेल तर समोरचा दिवा फाकतो. मधुमेहामुळे पडदा खराब होऊन लेझर केलेल्यांनाही रात्री कमी दिसतं. काहींना जन्मापासून हा त्रास असतो पण वाढत नाही. आणि एक माझा, रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे आरपी. जगात साधारण चार हजारांत एकाला होतो. यात दंडपेशी हळूहळू मरतात. आधी रात्र जाते, मग कडेचं दिसणं जातं, आणि नळीतून बघावं तसं मधलं तेवढं उरतं.

माझं निदान पुण्यात झालं, तेही तिशीत. हनुवटी एका टेकूवर ठेवून हातात बटण दिलं. समोर बारीक ठिपके चमकतील, दिसला की दाबायचं. बराच वेळ काही चमकेना. मी म्हणालो, "मॅडम, मशीन बंद पडलं वाटतं." त्या काही बोलल्या नाहीत. मशीन चालूच होतं. दुसऱ्या तपासणीत वीस मिनिटं गच्च अंधारात बसवून, मग दिवे चमकवून पडदा किती वीज निर्माण करतो ते मोजलं. माझा आलेख जवळजवळ सपाट.

आई ही बाबांची मामेबहीण. आपल्याकडे त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण दोघांकडे एकाच बिघडलेल्या जनुकाची एकेक प्रत होती, अशा वेळी प्रत्येक मुलाला आजार व्हायची शक्यता चारात एक. बहीण सुटली, मी सापडलो. उपचार विचाराल तर 2017 साली अमेरिकेत एका जनुक-उपचाराला मान्यता मिळाली, पण तो फक्त आरपीई-65 या एका जनुकाच्या दोषावर चालतो. माझा दोष तो नाही. "आरपी मुळापासून बरा" अशा जाहिरातीच्या नादी लागून मी एका ठिकाणी दीड वर्ष पुड्या खाल्ल्या. पैसे किती गेले ते बायकोला अजून सांगितलेलं नाही.

आता लग्नाचं. मी सांगितलं नव्हतं. आईच म्हणाली, "कशाला बोलायचं, दिवसा तर दिसतंय." लग्नानंतर दोन महिने मी संध्याकाळी बाहेर जायचं टाळत होतो. गेलोच तर पायरीला अडखळायचो, टेबलावरचा पेला पाडायचो. एकदा थिएटरात अंधारात एका काकांच्या मांडीवरच बसलो. त्या रात्री घरी येऊन बायको रडत म्हणाली, "अहो, एकदाच खरं सांगा. तुम्ही पिता ना?" सासरेबुवांनाही तोच संशय होता. खरं सांगितल्यावर तिला हायसं वाटलं आणि रागही आला. राग बरीच वर्षं टिकला. म्हणून सांगा, पण निदान करून मग सांगा, म्हणजे समोरच्यांच्या प्रश्नांना उत्तरं देता येतील. मूल होण्याचं विचारतीलच, त्यासाठी जनुक-तपासणी आणि समुपदेशन मिळतं.

रोजचं म्हणाल तर जमतं. मी रात्री बायकोचं कोपर धरून चालतो, ती मला ओढत नाही. खिशात छोटी विजेरी, जिन्याच्या कडांना पिवळी पट्टी. डिसेंबरात पुण्यात सहालाच सूर्य मावळतो, तेव्हा ऑफिसातून लवकर निघू देतात. कुणी शेजारून हात पुढे केला तर मला दिसत नाही, मग "शिष्ट झालाय" असं ऐकून घ्यावं लागतं. आणखी एक: 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात नजरेचं क्षेत्र 40 अंशांपेक्षा कमी असेल तर ती अल्पदृष्टी धरली जाते, अक्षरं वाचता येत असली तरी. मला त्याचं दिव्यांग प्रमाणपत्र मिळालंय. निदान आरपीचं निघालं तर विचारून घ्या.

रात्रीची गाडी आजपासून बंद करा. आणि पडदा बघणाऱ्या तज्ज्ञाकडे, म्हणजे रेटिनावाल्याकडे जाताना दिवसाही गाडी नेऊ नका. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालतात, काही तास सगळं धुरकट दिसतं. भावाला नाहीतर मित्राला सोबत घ्या.