मायस्पीडचा आकडा धरायचा की कंपनीचा?

प्रश्न : घरी 100 एमबीपीएसचा फायबर प्लॅन आहे. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या मायस्पीड अ‍ॅपवर फोन 41 दाखवतो, कंपनीचा माणूस लॅपटॉपला केबल लावून 94 दाखवतो. खरं कोणाचं धरायचं?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : दोन्ही खरे, पण मोजलेला रस्ता वेगळा. फोनच्या आकड्यात तुमचं वायफायही आलं. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्‌झवर एका अँटेनाच्या साध्या फोनला कागदावरच 72 एमबीपीएस मिळतात; हातात 40-50 पडले तरी पुष्कळ. 94 मात्र नीट पाहा. केबल लावायचं पोर्ट 100 एमबीपीएसचं असेल किंवा केबलमधली तारांची एखादी जोडी तुटली असेल, तर डेटा 95च्या वर जातच नाही. 200चा प्लॅन असता तरी हेच दिसलं असतं.

2016 साली आलेल्या मायस्पीडवर ज्याला वाटेल तो, वाटेल तेव्हा चाचणी घेतो, आणि पुष्कळ जण नेट रखडल्यावरच घेतात. फोन राउटरपासून किती लांब होता, घरात दुसरं कोणी सिनेमा पाहत होतं का, हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यामुळे भागाचा अंदाज येतो, कंपनीने शब्द पाळला की नाही ते ठरत नाही.

अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाची पद्धत जास्त भरवशाची. स्वयंसेवकांच्या राउटरला केबलने जोडलेला एक छोटा डबा. घरात वापर चालू असला की तो चाचणी पुढे ढकलतो. मुख्य आकडे संध्याकाळी 7 ते 11चे. शिवाय निव्वळ सरासरीवर न थांबता, किमान 80 टक्के ग्राहकांना गर्दीच्या किमान 80 टक्के वेळात किती वेग मिळाला, तेही सांगतात. दिवसभराच्या सरासरीत रात्री 9ची रखडपट्टी पहाटेच्या वेगाखाली झाकली जाते. आपल्याकडे फायबरसाठी असंच मोजमाप हवं.

तक्रार करायची तर कॅट 5ई (1000 एमबीपीएस झेपणारी) केबल थेट राउटरला लावा, लॅपटॉपवर लिंक, म्हणजे राउटरशी जोडणीचा वेग, 1000 दिसते का पाहा. वायफाय, व्हीपीएन, क्लाउड बॅकअप बंद. रात्री 8 ते 11, चार-पाच दिवस, दर तासाला चाचणी घ्या आणि वेळेसह स्क्रीनशॉट ठेवा. 10 सेकंदांची चाचणी 100च्या वेगाने सुमारे 125 एमबी खाते.

प्रत्येक वेळी चाचणीचे दोन सर्व्हर (ज्या संगणकापर्यंतचा वेग मोजला जातो ते) निवडा : एक कंपनीचा स्वतःचा, दुसरा जवळच्याच शहरातला, पण दुसऱ्या कंपनीचा. अ‍ॅप बरेचदा आपणहून पहिलाच निवडतं. तिथे 94 आणि बाहेर रोज रात्री 30 येत असतील, तर तुमच्या घरापर्यंतची तार ठीक आहे. कोंडी कंपनीचं जाळं बाहेरच्यांना जोडतं तिथे असण्याचा संभव जास्त. तक्रारीत हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहा.