झिंक तेच, मग फिल्म दुधाळ का आली?

प्रश्न : ताई, मी एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी स्प्रे पायरोलिसिसने (गरम काचेवर द्रावण फवारून) झिंक ऑक्साइडच्या थिन फिल्म, म्हणजे पातळ थर, बनवतेय. झिंक अ‍ॅसिटेट होतं तोवर फिल्म छान पारदर्शक यायची. ते संपलं म्हणून लॅबमधलं झिंक क्लोराइड घेतलं, तेवढेच 2.2 ग्रॅम, तेवढंच 400 अंश तापमान, आणि फिल्म दुधाळ, हाताला खरखरीत. दोन्हीत झिंकच आहे ना? आणि पुढे नॅनोरॉड (अतिसूक्ष्म उभ्या कांड्या) करायचेत, त्याला काय घेऊ?

उत्तर : आधी तुझं वजन बघू, कारण अर्धी गडबड तिथेच झालीय. 0.1 मोलरचं (लिटरमागे 0.1 मोल झिंक) 100 मिली द्रावण करायला अ‍ॅसिटेट डायहायड्रेट 2.2 ग्रॅम लागतं, पण क्लोराइड फक्त 1.36 ग्रॅम, आणि नायट्रेट हेक्झाहायड्रेट जवळजवळ 2.98 ग्रॅम. म्हणजे तू तेवढेच ग्रॅम टाकलेस तेव्हा द्रावणात झिंक थेट 1.6 पट गेलं! शिवाय क्लोराइड हवेतलं पाणी भराभर ओढतं, मी एकदा ऐन पावसाळ्यात ते वजन करत होते तर बटर पेपरवरच त्याचा चिकट लगदा झाला, काट्यावरचा आकडा नुसता चढत होता. ते बाटली उघडल्या उघडल्या मोजायचं आणि झाकण लगेच लावायचं.

पण वजन बरोबर घेतलंस तरी फिल्म वेगळीच येणार. झिंक काचेवर राहतं हे खरं, पण त्याच्यासोबत आलेलं दुसरं जे आहे ते कसं निघून जातं त्यावर सगळं ठरतं. अ‍ॅसिटेट गरम काचेजवळ सहज फुटतं, त्याचा बाकीचा भाग अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, अ‍ॅसिटोन, कार्बन डायऑक्साइड असा वाफ होऊन उडून जातो आणि मागे बारीक दाण्यांचा सपाट थर राहतो. क्लोराइडची पाण्याच्या वाफेशी रिअ‍ॅक्शन होऊन हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड सुटतं, आणि ते नुकतंच बनलेलं झिंक ऑक्साइड परत खातं, मग छोटे दाणे टिकत नाहीत, मोजकेच दाणे मोठे होत जातात, षटकोनी खांबांसारखे. असे दाणे प्रकाश विखुरतात, म्हणून तुला दुधाळ दिसतंय. एस्टोनियात टालिनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत तर याच गुणाचा उपयोग करून क्लोराइडच्या स्प्रेने नॅनोरॉड उगवलेत, म्हणजे तुला जो दोष वाटतोय तोच दुसऱ्याला हवा होता. मात्र त्या वाफा नाकात जाऊ देऊ नकोस, फ्यूम हूडशिवाय (वाफा ओढून घेणारं कपाट) क्लोराइड फवारूच नकोस, नोझल आणि हॉटप्लेटचं लोखंडही त्याने गंजतं.

क्लोरीन थोडं फिल्ममध्ये अडकूनही राहतं. ऑक्सिजनच्या जागी बसलं तर ते इलेक्ट्रॉन देतं, मग रेझिस्टन्स कमी येतो आणि आपल्याला उगाच वाटतं की फिल्म चांगली झाली, तेव्हा रीडिंग घेतल्यावर ईडीएस (कोणती मूलद्रव्यं आहेत ते दाखवणारी तपासणी) करून बघच.

पारदर्शक फिल्म हवी असेल तर अ‍ॅसिटेटच मागव. पाण्यात गढूळ झालं तर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचे दोन-चार थेंब टाक, लगेच स्वच्छ होतं.

आता नॅनोरॉड. इथे अ‍ॅसिटेट आणि नायट्रेट दोन्ही लागतात. आधी काचेवर अ‍ॅसिटेटचा पातळ सीड लेयर (ज्यावर रॉड उगवतात तो थर) द्यायचा, मग नायट्रेट आणि हेक्झामिन दोन्ही 25 मिलिमोलर घेऊन त्या द्रावणात, म्हणजे बाथमध्ये, 90 अंशाला काच उपडी ठेवायची, चेहरा खाली, म्हणजे वर बनलेला गाळ तिच्यावर बसत नाही. नायट्रेट आयन झिंकला फारसा चिकटत नाही, रॉडच्या वाढीत मध्ये येत नाही. तिथे क्लोराइड जास्त झालं तर रॉडऐवजी बेसिक क्लोराइडच्या पातळ चकत्या बसतात, सल्फेटचंही तसंच.

एक्सआरडी (एक्स-रेने स्फटिकाची रचना बघणं) काढशील तेव्हा 34.4 अंशाच्या कोनावरचा 002 चा, म्हणजे उभ्या दिशेतल्या थरांचा, पीक बघ, रॉड सरळ उभे असतील तर बाकीचे पीक त्याच्यापुढे अगदी बुटके दिसतील. जुन्या अ‍ॅसिटेटच्या फिल्मचा प्लॉटही सोबत पाठव, दोन्ही शेजारी ठेवून बघू.